ज्यांची यादी नसते त्यांची मोजदाद

एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम एखाद्या शहरात ९०० जणांपर्यंत पोहोचला, एवढ्याने काहीच कळत नाही. ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते ते लोक १,००० असतील तर काम जवळजवळ पुरे झाले. ६,००० असतील तर ते अजून धड सुरूही झालेले नाही. अंशातला आकडा कार्यक्रमाच्या नोंदवहीत मिळतो, छेदातला मात्र कुठल्याच वहीत नसतो. देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती, पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, पारलिंगी व्यक्ती आणि सुईने अमली पदार्थ टोचून घेणारे लोक अशा अतिजोखमीच्या गटांची यादी कुणाकडेच नसते. दारात आलेल्या प्रगणकाने असे प्रश्न विचारलेच, तरी कायद्याची भीती, बदनामी आणि शेजारी बसलेले नातेवाईक यांच्यापुढे खरे उत्तर मिळण्याची आशा थोडीच. शिवाय या गटांतले काही जण घरोघरच्या पाहणीत सापडतच नाहीत, कारण त्यांना राहायला घर नसते.

तरीही हा आकडा टाळता येत नाही. कंडोम, निर्जंतुक सुया आणि चाचणी संच किती मागवायचे हे त्यावरच ठरते. देशातील एकूण संसर्गाचा अंदाज बांधणारी गणिती प्रारूपेदेखील गटाचे आकारमान आणि त्या गटातील संसर्गाचे प्रमाण यांच्या गुणाकारावर उभी असतात. आकारमान चुकून दुप्पट धरले गेले, तर रक्तचाचण्या कितीही काटेकोर असल्या तरी त्या गटातील बाधितांचा आकडा दुप्पटच निघतो.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रत्यक्ष जाऊन मोजणे. ज्या ठिकाणी हे लोक जमतात त्या ठिकाणांचा नकाशा करायचा, त्याच समुदायातल्या जाणत्या माणसांना सोबत घ्यायचे आणि ठरलेल्या वेळी माणसे मोजायची. यात एका संध्याकाळी दोन ठिकाणी गेलेला माणूस दोनदा मोजला जातो, तर फोनवरून भेटी ठरवणारा एकदाही मोजला जात नाही. मोबाइल हाती आल्यापासून दुसऱ्या प्रकारची चूक वाढत चालली आहे, म्हणून निव्वळ ठिकाणांवरून केलेली मोजणी मी तरी किमान आकडा म्हणूनच वाचतो.

न दिसलेल्यांचा अंदाज दिसलेल्यांवरून कसा बांधायचा, याचे एक उत्तर मत्स्यशास्त्रातून आले. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुणा केलेले मासे समुद्रात सोडून त्यांतले पुन्हा किती सापडतात हे पाहिले. १९३० मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी तोच हिशेब पायात कडे घातलेल्या बदकांसाठी मांडला. माणसांच्या बाबतीत खूण म्हणून सहज विसरली न जाणारी एखादी वस्तू देतात. समजा, एका फेरीत ४०० जणांना विशिष्ट रंगाची किल्ली-साखळी दिली. आठवड्याने दुसऱ्या फेरीत ३०० जण भेटले आणि त्यांतल्या ६० जणांकडे ती निघाली. भेटलेल्यांपैकी एक पंचमांश लोक खुणेचे आहेत, म्हणजे ४०० हा एकूण संख्येचा एक पंचमांश भाग असावा आणि एकूण लोक सुमारे २,००० असावेत.

हिशेब शाळकरी आहे. त्यामागची गृहीतके तशी नाहीत. रोज त्याच कोपऱ्यावर उभा राहणारा माणूस दोन्ही फेऱ्यांत भेटतो आणि महिन्यातून एकदा येणारा एकाही फेरीत भेटत नाही. त्यामुळे जुळणारे ६० ऐवजी ९० निघाले, तर उत्तर १,३३३ वर घसरते. उलट काहींनी साखळी हरवली किंवा ती मिळाल्याचे सांगायला ते घाबरले आणि जुळणारे ४० च उरले, तर उत्तर ३,००० वर चढते. माशांना संकोच नसतो, एवढा फरक इथे लक्षात ठेवावा लागतो. तिसरी फेरी घेतली तर फेऱ्या एकमेकींपासून कितपत स्वतंत्र आहेत याचा अदमास येतो आणि त्यानुसार उत्तरात दुरुस्ती करता येते.

गुणक पद्धत याहून जुनी आणि व्यवहारात अधिक वापरली जाणारी. फ्रान्सची लोकसंख्या काढताना लाप्लास यांनी १८०२ च्या सुमारास निवडक भागांतील माणसे मोजून घेतली, दर वार्षिक जन्मामागे साधारण २८.३५ माणसे पडतात असे काढले आणि देशातील जन्मांच्या संख्येला त्याने गुणून सुमारे २ कोटी ८३ लाख हे उत्तर मिळवले. इथे जन्मनोंदीच्या जागी दवाखान्याची नोंद येते. समजा, सहा महिन्यांत या गटातील १,२०० वेगवेगळ्या व्यक्ती एका दवाखान्यात येऊन गेल्या, आणि स्वतंत्रपणे केलेल्या पाहणीत ३० टक्के लोकांनी त्या काळात तिथे गेल्याचे सांगितले. तर एकूण संख्या ४,००० ठरते. पण लोक दर खेपेला निराळे नाव सांगत असतील आणि वहीत १,२०० ऐवजी १,५०० नावे चढली असतील, तर उत्तर ५,००० होते. याहून घातक चूक पाहणीत होते. पाहणीसाठी माणसे त्याच दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांनी गोळा केली, तर अर्थातच ६० टक्के लोक ‘गेलो होतो’ म्हणणार, आणि ४,००० चे २,००० होणार. दोन्ही स्रोत खरोखर स्वतंत्र होते का, हा प्रश्न अहवाल वाचणाऱ्याने सर्वांत आधी विचारावा.

अशी पाहणी करायची तर यादीविना नमुना निवडावा लागतो. त्यासाठी डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात: काही जणांपासून सुरुवात करून प्रत्येकाला मोजकी, बहुधा तीन कुपने द्यायची आणि त्यांनी ती आपल्या ओळखीतल्यांना द्यायची. ज्याच्या ओळखी जास्त त्याच्यापर्यंत कुपन पोहोचण्याची शक्यता जास्त, म्हणून विश्लेषणात त्याचे वजन तितके कमी धरले जाते. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी यातूनच आकारमानाचा सुगावा काढला. मोठा गोतावळा असलेले लोक आधी नमुन्यात येतात. नंतर येणाऱ्यांचा गोतावळा झपाट्याने लहान होऊ लागला, तर गट संपत आला आहे, म्हणजे तो फार मोठा नाही, असा तर्क करता येतो.

एक पद्धत मात्र गटातल्या माणसांना शोधतच नाही. १९८५ च्या मेक्सिको सिटीतील भूकंपात किती माणसे दगावली, या प्रश्नावर विचार करताना रसेल बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सुचली. सर्वसाधारण नागरिकाला तुमच्या ओळखीचे एकूण किती आणि त्यांतले सुईने नशा करणारे किती, असे विचारायचे आणि निघालेल्या प्रमाणाने एकूण लोकसंख्येला गुणायचे. उत्तर देणाऱ्याला स्वतःबद्दल काहीच सांगावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण मित्राची सवय आपल्याला ठाऊकच नसेल तर ती मोजली जात नाही, त्यामुळे जिथे गुपित जास्त तिथे आकडा कमी येतो.

इतक्या पद्धतींची उत्तरे एकमेकांशी जुळतील अशी अपेक्षाच चुकीची आहे. बरेचदा त्या एकच गोष्ट मोजतही नसतात: एका रात्री रस्त्यावर दिसलेले लोक आणि गेल्या बारा महिन्यांत कधीतरी पैशासाठी शरीरसंबंध ठेवलेले लोक हे दोन निराळे समूह आहेत, आणि दुसरा नेहमीच मोठा असतो. म्हणून आधी व्याख्या आणि कालावधी एकसारखे करावे लागतात, मग प्रत्येक आकडा कोणत्या बाजूला झुकलेला आहे हे तपासावे लागते. डोळे मिटून काढलेल्या सरासरीपेक्षा ‘हा आकडा किमान आहे, तो बहुधा फुगलेला आहे’ एवढे ज्ञान अधिक उपयोगी पडते. निष्कर्ष एका आकड्याऐवजी खालच्या आणि वरच्या मर्यादेसह दिला जातो तो यासाठीच.

ज्या नकाशाच्या आधारे सुया आणि कंडोम पोहोचवले जातात, तोच नकाशा छापे घालणाऱ्यांच्याही हाती लागू शकतो. म्हणून ठिकाणांची नावे अहवालात छापत नाहीत, नोंदींतून ओळख पटण्याजोगा तपशील काढून टाकतात, आणि मोजणी करावी की नाही या निर्णयात त्या समुदायाच्या प्रतिनिधींना सहभागी करून घेतात. सुरक्षिततेची खात्री देता येत नसेल तिथे मोजणी लांबणीवर टाकून तोवर आधीचा अंदाज, अधिक रुंद मर्यादा धरून, वापरावा लागतो.