मासे खाऊ नका, की हे मासे खा?

अमेरिकेत सिएटल शहरातून वाहणाऱ्या डुवामिश नदीच्या काठावर अनेक भाषांमधले इशारे लावलेले आहेत: नदीतच राहणारे मासे, खेकडे, शिंपले खाऊ नका. तरीही लोक तिथे गळ टाकतात, कारण ताजा मासा फुकट मिळतो आणि घरी तो सगळ्यांना आवडतो.

इशारा खोटा नाही. २००१ मध्ये नदीचा हा खालचा भाग ‘सुपरफंड’ या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेला. गाळात पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं साठली आहेत. त्यांच्या उत्पादनावर अमेरिकेने १९७९ मध्ये बंदी घातली, पण ती वर्षानुवर्षं टिकतात. गाळातल्या किड्यांकडून ती छोट्या माशांत आणि तिथून मोठ्यांत जातात, आणि दर टप्प्याला त्यांचं प्रमाण वाढत जातं. सॅमन या माशाचं मात्र वेगळं आहे. तो वाढतो समुद्रात आणि नदीतून नुसता ये-जा करतो, म्हणून तो खायला हरकत नाही. पाटीवरचं ‘नका’ वाचताना नेमका हा फरक सहज निसटतो.

स्वयंपाकही बघायला हवा. पीसीबी चरबीत साठतात. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून मासा जाळीवर भाजला, तर त्यांचा काही भाग निघून जातो. पण आख्खा मासा डोक्यासकट रश्शात उकळला, तर सुटलेली चरबी रश्शातच राहते. खेकड्याच्या कवचाखालचा पिवळसर गर अनेकांना सगळ्यात चविष्ट लागतो, आणि रसायनं सर्वांत जास्त तिथेच असतात. काही माशांत पाराही साठतो, आणि त्याला यातला कुठलाच उपाय लागू पडत नाही. तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे कितीही साफ केलं, शिजवलं तरी जात नाही. तिथे माशाची निवडच बदलावी लागते. त्यामुळे मासा कसा खाल्ला जातो हे न विचारता दिलेला सल्ला मला अर्धवट वाटतो.

नुसती भीती घातली तर नुकसान उलट्या बाजूने होतं. २००१ मध्ये अमेरिकेत गरोदर स्त्रियांना पाऱ्याबद्दल सावध केल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासात दिसलं, की त्यांनी एकूणच मासे कमी केले. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं माशांतूनच चांगली मिळतात! आज तिथला सरकारी सल्ला गरोदरपणात कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खा, असा आहे.

डुवामिशच्या बाबतीत आरोग्य खात्याने पुढे व्हिएतनामी, ख्मेर (कंबोडियन) आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी) वस्त्यांमधल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं आणि संदेश कसा असावा हे ठरवतानाही त्यांना सोबत घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याच वस्तीतली, आपल्या भाषेत बोलणारी बाई ‘तो गर टाकून द्या, सॅमन खुशाल खा’ असं सांगते, तेव्हा ऐकणारी तिला लगेच विचारू शकते: मग रस्सा कशाचा करू?