भूकंपाची परिभाषा (सोलापूर परिसराच्या संदर्भात)

भूकवचातील खडकांत साठलेला ताण प्रस्तरभंगाच्या (खडक जिच्यावर सरकतात त्या भेगेच्या) प्रतलावर एकाएकी मोकळा झाला की जमीन हादरते, तो भूकंप. खडक जिथे प्रथम सरकतो ती खोलवरची जागा म्हणजे भूकंपनाभी आणि तिच्या थेट वर भूपृष्ठावर असलेले ठिकाण म्हणजे अपिकेंद्र. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाचे अपिकेंद्र किल्लारीजवळ (ता. औसा, जि. लातूर) होते. सोलापूरपासून ते सरळ रेषेत सुमारे 80 किमीवर आहे.

भूकंपाच्या लहरींपैकी वेगवान प्राथमिक लहरी आधी पोचतात, जमीन आडवी हलवणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात. दोहोंच्या येण्यातील सेकंदांच्या फरकाला 8 ने गुणले की नाभीचे अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते. या हिशेबाने किल्लारीचा धक्का सोलापुरात येताना दोन्ही लहरींत जेमतेम 10 सेकंदांचे अंतर पडते.

‘6.2 रिश्टर तीव्रतेचा भूकंप’ असे बातम्यांत सर्रास म्हटले जाते. यात महत्ता आणि तीव्रता यांची गल्लत होते आणि ती दूर होणे फार गरजेचे आहे. महत्ता नाभीपाशी मोकळ्या झालेल्या ऊर्जेवरून ठरते. एका भूकंपाची महत्ता एकच. ती एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये कॅलिफोर्नियासाठी मांडलेल्या मापनाची जागा मोठ्या भूकंपांसाठी आता आघूर्ण महत्तेने (प्रस्तरभंगाचा किती भाग किती सरकला यावरून काढलेल्या महत्तेने) घेतली आहे. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. माणसांना काय जाणवले, कोणती घरे पडली यावरून ती 1 ते 12 अशा श्रेणीत ठरवतात. अंतर, नाभीची खोली, पायाखाली काळी माती आहे की कठीण कातळ, यांवर ती अवलंबून असते.

किल्लारीच्या 6.2 महत्तेच्या भूकंपात सुमारे 10,000 माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद असलेली घरे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या गावठाणांतही असे बांधकाम आढळते, म्हणून इथल्या वाचकाने महत्तेच्या आकड्याइतकेच घराच्या भिंतींकडे पाहावे.

मुख्य धक्क्यानंतरचे लहान धक्के म्हणजे अनुकंप, आधीचे ते पूर्वकंप. किल्लारी परिसरात 1992 मध्येच लहान धक्के जाणवले होते. पण एखादा धक्का पूर्वकंप होता हे मोठा भूकंप होऊन गेल्यावरच म्हणता येते.

भूकंपप्रवण विभागांचा नकाशा हादऱ्याची संभाव्य तीव्रता दाखवतो, वेळ नव्हे. 1993 मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. 2002 च्या भारतीय मानकात तो विभागच रद्द झाला आणि सोलापूरची नोंद तिसऱ्या विभागात झाली.