तुटलेली मूत्रनळी आणि तीन महिन्यांची वाट

बाईकवरून पडलेल्या माणसाच्या कंबरेचं हाड मोडलंय एवढंच घरच्यांना कळतं, आणि सगळ्यांचं लक्ष हाडाकडे असतं. मग कोणीतरी म्हणतं, अहो सकाळपासून लघवीच झाली नाहीये, पोट टम्म फुगलंय, आणि चड्डीवर रक्ताचा डाग आहे. लघवीच्या जागेतून रक्त म्हणजे मूत्रनळी, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर आणणारी नळी, फाटली असावी, अशा वेळी कॅथेटर (लघवी काढायचा पातळ पाईप) जबरदस्तीने ढकलायचा नसतो कारण अर्धवट फाटलेली नळी त्याने पूर्ण तुटू शकते. आधी खालून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून एक्स-रे काढतात.

आता हाड मोडलं तर नळी का तुटते? पुरुषांची मूत्रनळी साधारण १८ ते २० सेंटीमीटर असते आणि तिचा मागचा भाग पेल्विसच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्याच्या आत घट्ट बांधलेला असतो. कडं मोडून सरकलं की मूत्राशय आणि त्याच्या खालची प्रोस्टेट ग्रंथी वर ओढले जातात, खालची नळी आहे तिथेच राहते, आणि मधला जोड तुटतो. बायकांची नळी जेमतेम ४ सेंटीमीटरची आणि सैलसर, म्हणून त्यांच्यात हे क्वचितच होतं.

यानंतर जे करतात ते ऐकून घरचे हमखास वैतागतात. नळी लगेच जोडतच नाहीत! पोटातून थेट मूत्राशयात पाईप घालतात, पिशवी लावतात आणि साधारण तीन महिने थांबा म्हणतात. पण त्याला कारण आहे, आत रक्ताची मोठी गाठ असते, सगळं सुजलेलं असतं, त्यात टाके घातले तर ते टिकणार कसे, शिवाय त्या गडबडीत आसपासच्या नसांना धक्का लागायची भीती. तीन महिन्यांत रक्त जिरतं, प्रोस्टेट बराचसा खाली येतो आणि दोन टोकांच्या मध्ये कडक व्रण तयार होतो.

मग वरून आणि खालून एकाच वेळी डाय सोडून मधली गॅप किती ते बघतात आणि ऑपरेशन होतं, अंडकोश आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेतून. व्रण अगदी मऊ निरोगी भाग दिसेपर्यंत कापून काढायचा (इथे कंजुषी केली की नळी पुन्हा बंद होते), आणि दोन्ही टोकं ताण न देता जोडायची. पण मधला तुकडा गेला तर टोकं पोचणार कशी? इथे मला ही सर्जरी भारी वाटते. खालची नळी रबरासारखी थोडी ताणली जाते, बऱ्याच जणांचं तेवढ्यातच भागतं. नाही पुरली तर लिंगाच्या मुळाशी असलेले दोन स्पंजसारखे खांब मधून वेगळे करून नळीला त्यांच्यातून जवळची वाट देतात, तरी नाही तर दोन्ही जांघांच्या मधोमध, लिंगाच्या वर असलेल्या हाडाचा खालचा तुकडा काढतात. म्हणजे घाटातली वळणं सोडून बोगद्यातून जायचं, नळी तेवढीच, अंतर कमी.

मूत्रनळीच्या काही ऑपरेशनांत गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावतात ते वेगळं, ते लांब अरुंद झालेल्या नळीसाठी. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची त्यातली पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

काही जण मात्र दुर्बिणीने व्रण चिरून घेतात, टाके नाहीत, लवकर घरी. पण इथे नळी अरुंद झालेली नसते, तुटलेली असते, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बंद आणि प्रत्येक वेळी व्रण वाढतो. अनुभवी हातात पहिल्याच ऑपरेशनला दहातले साधारण नऊ बरे होतात, दुसऱ्यांदा करायचं तर अवघड जातं.

लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास अनेकांना होतो, तो बहुतेक वेळा अपघातातच नसांना मार लागल्यामुळे, आणि लाजेने कोणी विचारत नाही, तर विचारा, ऑपरेशनच्या आधीच विचारा.

ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा डाय सोडून बघतात, गळती नसेल तर ऑपरेशनच्या वेळी नळीत घातलेला खालचा कॅथेटर काढतात. पोटातला पाईप थोडे दिवस चिमटा लावून तसाच ठेवतात, लघवी नीट होतेय हे बघून तोही काढतात, आणि पोटावरचं भोक काही दिवसांत आपोआप बुजतं.