एकच कार्ड, दोन दावेदार

‘मॅक अ‍ॅड्रेस कारखान्यातच कार्डावर कोरलेला असतो, तो बदलता येत नाही’ हे वाक्य कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये आजही सर्रास ऐकू येतं. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता. कोरलेला असतो हे खरं, बदलता येत नाही हे साफ चूक. तो बदलणारं डेकनेट नावाचं एक सॉफ्टवेअर एकेकाळी मोठमोठ्या मशीनवर रोज चालायचं, आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला भारी पडायचं.

१९८०च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेतल्या विद्यापीठांत डिजिटल कंपनीची व्हॅक्स मशीन होती आणि एकेक मशीन अनेक विभागांत सामायिक असे. कणभौतिकीवाल्यांना डेकनेट हवं, कारण त्यांचं हेपनेट हे जाळं त्यावर चाले. डेकनेट डिजिटलचं घरचं, मशीनना एकमेकांशी बोलायला लावणारं. इतरांना हवं टीसीपी/आयपी, ज्यावर आजचं इंटरनेट चालतं. तेव्हा बाजी कोण मारणार हे ठरलं नव्हतं. आपल्याकडे १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक-संशोधन जाळ्यानेही (मुंबईची एनसीएसटी ही संगणक संशोधन संस्था त्यात होती) टीसीपी/आयपी आणि ओएसआय ही आंतरराष्ट्रीय मानकांची पद्धत असे दोन्ही घोडे बांधले होते. १९९५नंतर त्यातली जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीची झाली.

व्हॅक्सला इथरनेट कार्ड मात्र एकच. मग दोघांचा माल एकमेकांत मिसळत कसा नाही? इथरनेटच्या फ्रेमच्या (तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) सुरुवातीला १४ बाइट असतात: सहा घेणाऱ्याच्या पत्त्याचे, सहा पाठवणाऱ्याच्या आणि शेवटचे दोन ‘आत काय आहे’ ते सांगणारे. ०८-०० म्हणजे आयपी, ६०-०३ म्हणजे डेकनेट. कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) हे दोन बाइट वाचतो आणि ज्याची फ्रेम त्याच्या हवाली करतो. भांडण नाही, तंटा नाही. (एकाच मशीनवर दोन कंपन्यांची टीसीपी/आयपी चालवायला गेलात तर मात्र दोघांनाही ०८-०० हवं. जुन्या पीसीवरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेट ड्रायव्हरमध्ये दुसऱ्याला ‘हा प्रकार आधीच घेतलेला आहे’ असा एरर मिळे.)

खरी गंमत पत्त्यात आहे. आयपीला शेजाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस ठाऊक नसतो. तो एआरपी नावाच्या पद्धतीने सगळ्यांना ओरडून विचारतो आणि आलेलं उत्तर काही काळ लिहून ठेवतो. डेकनेटच्या चौथ्या आवृत्तीला ही विचारपूस नको होती. तिने सरळ कार्डाचाच पत्ता बदलला. पहिले चार बाइट ठरलेले: एए-००-०४-००. उरलेल्या दोनांत मशीनचा डेकनेट क्रमांक. क्रमांक ५.१० असेल, तर ५ गुणिले १०२४ अधिक १० म्हणजे ५१३०. सोळाच्या पायात १४०ए. धाकटा बाइट आधी लिहायचा, म्हणून ०ए-१४. पत्ता झाला एए-००-०४-००-०ए-१४. क्रमांक कळला की पत्ता गणिताने मिळतो, कोणाला विचारायला नको. मला ही युक्ती आजही देखणी वाटते.

पण कार्ड सामायिक आहे! टीसीपी/आयपी आधी सुरू झालं, तर ते कारखान्यातला ०८-००-२बीने सुरू होणारा पत्ता शेजाऱ्यांना सांगून मोकळं होतं. मागून डेकनेट येऊन पत्ता बदलतं. शेजारी जुन्याच पत्त्यावर फ्रेम पाठवत राहतात आणि कार्ड त्या टाकून देतं. व्हॅक्सच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर उलटं व्हायचं: कार्ड आधीच वापरात असल्यामुळे पत्ता बदलू दिला जात नसे आणि डेकनेटच सुरू होत नसे. म्हणून नियम एकच, आधी डेकनेट, मग बाकीचे.

कारण माहीत नसलं की असा नियम तोडगा वाटू लागतो. खंडेनवमीला सर्व्हरला खुशाल हळदकुंकू लावा, पण क्रम कशासाठी ते विचारा. नाहीतर डेकनेट काढून टाकल्यावरही दहा वर्षं तोच क्रम पाळला जातो.

दुसरा धोका याहून वाईट. कोणी चुकून दोन मशीनना एकच डेकनेट क्रमांक दिला, तर दोघांचा मॅक अ‍ॅड्रेसही एकच. म्हणजे डेकनेटमध्ये एक आकडा चुकायचा आणि डेकनेटशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाचं टेलनेट (दुसऱ्या मशीनवर लांबून काम करायची सोय) लटकायचं.

लिनक्समधून डेकनेट २०२२ साली काढलं गेलं. आज आपल्या फोनवर आयपीच्या चौथ्या आणि सहाव्या आवृत्त्या, ०८-०० आणि ८६-डीडी, शेजारी शेजारी चालतात आणि त्यासाठी दोघींपैकी कोणालाही कार्डाचा पत्ता बदलावा लागत नाही. सहाव्या आवृत्तीने तर सुरुवातीला उलटी गंगा वाहवली होती: कार्डाच्या पत्त्यावरून स्वतःचा पत्ता बनवायचा. त्यावरून माणसाचा माग काढता येतो हे लक्षात आल्यावर तो भाग स्वैर आकड्यांनी भरू लागले.