नरवाई जाळणे व त्यावरचे पर्याय (ग्वाल्हेर परिसर)

भात कापल्यावर शेतात उरणारी धसकटे आणि पेंढा यांना मध्य प्रदेशात ‘नरवाई’ म्हणतात. पंजाब-हरियाणात त्यालाच ‘पराली’. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या तोंडीही नरवाईच असते.

डबरा-भितरवार हा जिल्ह्यातला भाताचा पट्टा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हार्वेस्टर लोंब्या वरच्यावर कापून घेतो. मागे गुडघ्याएवढी धसकटे उभी राहतात आणि मोकळा पेंढा पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. हा पेंढा पेरणीयंत्राच्या फणांत गुंततो; ट्रॅक्टर थांबवून तो हाताने उपसावा लागतो, चार पावलांवर पुन्हा तेच. त्यात सिलिका जास्त, म्हणून गव्हाच्या भुशासमोर जनावरे त्याला तोंड लावायला नाखूश असतात. गव्हाच्या पेरणीला हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. अशा वेळी काडेपेटी सर्वांत स्वस्त पडते. शेतकऱ्याला आळशी किंवा अडाणी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही.

नुकसान मात्र त्याचेच आधी होते. १ टन पेंढ्यात साधारण ४०० किलो कर्ब, ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश असते. कर्ब आणि नत्र बहुतेक धुरातच जातात, आणि पुढे तेच नत्र युरियाच्या गोणीतून विकत आणावे लागते. वरच्या थरातले जिवाणूही होरपळतात. धूर थंडीत जमिनीलगत कोंडतो. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे कण सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत पीएम २.५ च्या (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या) बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसरे होते. त्यात धूळ आणि वाहनांचाही वाटा आहे, पण दम्याच्या रोग्याला ही वाटणी समजावून काय उपयोग?

राज्यात २ एकरांपर्यंत २,५००, ५ एकरांपर्यंत ५,००० आणि त्यापुढे १५,००० रुपये दंड आहे. तरीही २०२४ च्या खरिपानंतर भाताची नरवाई जाळण्याच्या घटना मध्य प्रदेशात पंजाबपेक्षा जास्त नोंदल्या गेल्या. नुसत्या दंडाने काम होत नाही, हे यावरून दिसतेच.

पर्याय यंत्रांचा आहे. सुपर सीडर पेंढा मातीत मिसळत गहू पेरतो, बेलर त्याच्या गाठी बांधतो. पुसा डीकंपोझर हे बुरशीचे द्रावण फवारून पेंढा शेतातच कुजवता येतो. त्याला तीनेक आठवडे लागतात, म्हणून उशिरा कापणी झालेल्याला ते परवडत नाही. सुपर सीडरला दणकट ट्रॅक्टर लागतो, तो लहान शेतकऱ्याकडे नसतो. म्हणून भाड्याने यंत्र देणाऱ्या केंद्रांना महत्त्व आहे, आणि यंत्र त्याच पंधरवड्यात बांधावर पोचले तरच त्याचा उपयोग.

हॅपी सीडर हे यंत्र नांगरट न करता नरवाईतच गहू पेरते. त्याने पेरलेले शेत सुरुवातीला गबाळे दिसते. पेंढा तसाच पसरलेला असतो आणि शेजारी हसतात. त्याच पेंढ्याखाली ओल टिकते, तण कमी उगवते आणि आठ-दहा दिवसांत गव्हाचे कोंब त्यातून वर येतात.