सरकारी रोख्यांचं खातं स्वतः उघडा: गोव्यातल्या ठेवीदारांसाठी माहिती

गोव्यात बँकांकडे ठेवी भरपूर, कर्जाची उचल त्या मानाने फारच कमी. आखातातून किंवा बोटीवरून आलेला पैसा, निवृत्तीची पुंजी, सगळं एफडीत. त्यातला एक भाग बँक सरकारी रोख्यांत गुंतवते, म्हणजे सरकारला मुदतीसाठी उसना देते. एसएलआर म्हणजे वैधानिक तरलता प्रमाणाच्या नियमाने निव्वळ देण्यांच्या (मुख्यतः लोकांच्या ठेवींच्या) 18 टक्के रक्कम रोखे, सोनं किंवा रोकड अशा रूपात तिला राखावीच लागते. पण 12 नोव्हेंबर 2021 पासून तेच रोखे आपल्यालाही रिझर्व्ह बँकेकडे खातं उघडून घेता येतात. योजनेचं नाव 'रिटेल डायरेक्ट'. फोंडा-म्हापशात मी ज्यांच्याशी बोलतो त्यांतल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं, याची मला खरंच खंत वाटते.

पात्रता साधी आहे. भारतात बचत खातं, पॅन, ओळख आणि पत्त्यासाठी आधारसारखा ग्राह्य पुरावा, ईमेल आणि चालू मोबाइल नंबर एवढं हवं. एकट्याच्या नावे किंवा दुसऱ्या एका व्यक्तीसोबत संयुक्त खातं उघडता येतं. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने मुभा असलेल्या अनिवासी भारतीयांनाही दार उघडं आहे. खातं उघडायला आणि चालवायला शुल्क नाही.

अर्ज रिटेल डायरेक्टच्या पोर्टलवर भरायचा. ओटीपी, केवायसी, बँक खात्याची पडताळणी आणि वारसाची नोंद झाली की गिल्ट खातं, म्हणजे आपले सरकारी रोखे जमा राहतात ते खातं, मिळतं. अडतं ते नावापाशी. आमच्या काकांच्या पॅनवर पोर्तुगीज वळणाचं 'कामोतिम' आणि आधारवर 'कामत'. अर्ज परत आला. शेवटी आधी आधार दुरुस्त करून घेतलं आणि मगच पुन्हा भरला. तुमच्या घरीही शेणय-सिनाय, प्रभू-पोरोब असा प्रकार असेल, तर पॅन, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे हेलपाटे वाचतात.

किमान गुंतवणूक 10,000 रुपये आणि पुढे त्याच पटीत. राज्यांच्या रोख्यांचा लिलाव साधारण मंगळवारी, ट्रेझरी बिलांचा (केंद्राचे वर्षभरापर्यंतच्या मुदतीचे रोखे) बुधवारी, केंद्राच्या लांब मुदतीच्या रोख्यांचा शुक्रवारी. गोवा सरकारचे रोखेही अधूनमधून येतात. दर आपण सांगायचा नसतो. लिलावात ठरलेल्या सरासरी भावाने रोखे मिळतात. पैसे यूपीआयने किंवा नेटबँकिंगने भरायचे. लांब मुदतीच्या रोख्यांचं व्याज दर सहा महिन्यांनी खात्यात येतं आणि ते करपात्र असतं. मध्येच विकायचे झाल्यास मात्र बाजारभाव मिळेल तो घ्यावा लागतो, आणि तो घातलेल्या पैशापेक्षा कमीही असू शकतो. ज्या पैशाची मुदतीआधी गरज लागेल, तो इथे अडकवू नका.

आता रोखे घेण्याआधी मी जे बघतो ते. रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीत वाणिज्य बँकांचा तक्ता असतो. ठेवी, कर्ज आणि सरकारी रोख्यांतली गुंतवणूक, तिन्ही ओळी एकत्र वाचायच्या. ठेवी वाढताहेत, कर्ज मंदावलंय आणि रोख्यांची ओळ फुगतेय, तर उद्योगधंद्यांकडून पैशाला मागणी कमी आहे आणि बँका तो सरकारकडे सुरक्षित ठेवताहेत असा अंदाज बांधता येतो. उलट कर्ज जोरात वाढत असताना बँका 18 टक्क्यांवरचे जादा रोखे कमी करू लागतात. एकाच पंधरवड्याच्या आकड्यावर विसंबू नका. आगाऊ कराचा भरणा, तिमाहीअखेर, सरकारची मोठी उचल यांनी तो हलतो. मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी ताडून बघा. नियम बदलले किंवा रोख्यांचं मूल्यांकन बदललं तरी आकडा हलतो, तेव्हा तक्त्याखालच्या टिपाही वाचत जा.