नाळेतलं रक्त: बँकेआधीची गोष्ट

बाळंतपण झालं की वार पुरून टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. दवाखान्यात ती नाळेसकट कचऱ्यात जाते. नाळेच्या रक्तात रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी असतात हे १९७४ मध्येच दिसलं होतं, पण त्या रुग्णाला देऊन बघायला चौदा वर्षं गेली.

अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या एका मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता. या आनुवंशिक आजारात अस्थिमज्जा रक्त बनवणंच हळूहळू थांबवते. त्याची आई पुन्हा गरोदर होती. पोटातली मुलगी निरोगी आहे आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात, हे जन्माआधीच तपासून कळलं. ती जन्मली तेव्हा तिच्या नाळेतलं रक्त गोळा केलं गेलं आणि अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात संशोधक हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवलं गेलं. तिथून ते पॅरिसला सेंट लुई रुग्णालयात पोचलं. ऑक्टोबर १९८८ मध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते मुलाला दिलं. मुलगा बरा झाला.

यात रक्त बहिणीचं होतं, हे विसरता कामा नये. 'तुमच्याच बाळाचा जैविक विमा' म्हणून नाळेचं रक्त साठवायला सांगणाऱ्या खासगी बँकांच्या जाहिराती नेमकं हेच गाळतात. थॅलेसेमियासारखा आजार बाळाच्या जनुकांतच असेल, तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तो असणारच. शिवाय एका नाळेतून साधारण शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त निघतं. मोठ्या माणसाला त्यातल्या पेशी बहुधा कमी पडतात. म्हणून १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पाब्लो रुबिनस्टाईन यांनी सार्वजनिक बँक उभारली: दान कुणाचंही, वापर ज्याच्याशी जुळेल त्याला. नाळेच्या पेशी अगदी तंतोतंत जुळल्या नाहीत तरी चालतात, हा त्यांचा मोठा गुण. पुढे आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरणं सोपं झालं आणि नाळेच्या रक्ताची गरज बरीच घटली.

वारेच्या आतल्या पातळ पडद्याची वाट मात्र वेगळी आहे. त्वचेवर तो १९१० मध्येच वापरून बघितला होता. मुंबईत टाटा मेमोरियलच्या ऊतीपेढीत (टिश्यू बँकेत) तो गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांवर लावण्यासाठी तयार केला जातो. इथे काम मूळ पेशींचं नाही, पडद्याचं आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी पेढीची परवानगी फक्त नाळेच्या रक्तापुरती ठेवली. नाळेची ऊती किंवा वार व्यापारी तत्त्वावर साठवायला मनाई केली.